नवी चप्पल रांगेत चालत नाही

चपलांच्या धंद्यात न खपलेली मापं जशी माळ्यावर साठत जातात, तसे किस्सेही साठतात. एखादा बॉक्स ओढायला जावं आणि दहा बॉक्स अंगावर कोसळावेत, तसं होतं. परवा मित्र चहाला जमले आणि एकानं सहज विचारलं, "पिहू कशी आहे रे आता?" झालं! कोसळले सगळे बॉक्स.

आमचं दुकान नाशकात, रविवार कारंजाजवळच्या एका बोळात. वरच्या मजल्यावर लहान मुलांचे डॉक्टर. हाताला गुण असा की दिंडोरी-पेठपासून लोक पोरं घेऊन येतात. फोनवर नंबर मिळत नाही. पद्धत एकच. सकाळी यायचं आणि एका पायातली चप्पल जिन्याच्या पायरीवर ठेवायची. चप्पल जिथे, नंबर तिथे! मग माणूस लेकरू घेऊन खुशाल सावलीत बसतो.

या रांगेच्या मालकीण म्हणजे सुमनमावशी. त्या जिन्याखाली मेथी-कोथिंबीर विकतात. डॉक्टरांनी त्यांना नेमलेलं नाही, पण मावशींनी हाक मारल्याशिवाय कुणाची वर चढायची टाप नाही. एकदा सातपूरच्या कंपनीतला एक जण चपलेऐवजी हेल्मेट ठेवून गेला. मावशींनी ते उचलून बाजूला केलं.

"डोक्याचं चालत नाय. पायाचंच पायजे!"

*

एकदा एक कोल्हापुरी चप्पल सरकत सरकत पहिली आली. मावशी ओरडतायत, "कोल्हापुरीवाले! ओ कोल्हापुरीवाले, चला वर!" कुणी येईना. खाली पेशंट खोळंबले, वर डॉक्टर नुसतेच बसलेले. शेवटी डॉक्टर स्वतःच जिन्यात आले.

"अहो मावशी, पेशंट पाठवा की!" म्हणता म्हणता त्यांची नजर पायरीवर गेली. "अरे, ही तर माझी!"

कुणाच्या तरी पोरानं वरच्या दारातली एक चप्पल खेळत खेळत खाली आणून ठेवली होती.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मग चला की वर. तुमचाच नंबर हाय!"

*

तर पिहू म्हणजे आमची लेक. दीड वर्षाची. नुकतीच चालायला लागलेली, म्हणून तिच्यासाठी पीं-पीं वाजणारी लाल चप्पल मी काढून ठेवली होती. ती पायात घालायच्या आधीच पोरगी तापली. औषध दिलं की ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. चालणं बंद, खाणं बंद, नुसती वैशालीच्या खांद्यावर पडून. वैशाली म्हणजे आमच्या मिसेस. म्हणाली, "अहो, दुकानाच्या डोक्यावर डॉक्टर आहेत. तुम्हाला काय, पहिला नंबर!"

मलाही तसंच वाटलं. शटर वर केलं, ती लाल चप्पल बॉक्समधून काढली आणि ऐटीत पायरीवर ठेवली. मावशींनी ती उचलली, उलटी केली, तळ बघितला.

"कोरी हाय, शेठ."

"मग?"

"नवी चप्पल रांगेत चालत नाय. तुमच्या दुकानात चपलाच चपला. उद्या समदा जिना तुमचाच! घासलेली आणा."

"मावशी, पोरगी चालतच नाहीये, घासणार कधी?"

"मग तुमची ठेवा."

दिंडोरीकडचा एक बाप्या मांडीवरच्या पोराला थोपटत म्हणाला, "मावशी म्हणती ते बराबर हे."

*

ठेवली माझी. पण या वादात रांग पार बोळापर्यंत गेली होती! आता चपलांचा दुकानदार गल्ल्यावर बसलेला, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. एक गिऱ्हाईक आलं. माझ्या पायांकडे बघितलं, भिंतभर लावलेल्या मालाकडे बघितलं आणि हळूच म्हणालं, "दादा, दुसरी परवडली नाही का?"

त्या दिवशी नंबर आलाच नाही. डॉक्टरांना हॉस्पिटलात इमर्जन्सीला जावं लागलं आणि रांग आपापल्या चपला घालून घरी गेली.

*

संध्याकाळी माझ्या मेव्हण्यानं मोबाइलवर डॉक्टर लावून दिला. स्क्रीनवरचा डॉक्टर फार गोड बोलायचा. "बाळाचा घसा दाखवा. अजून जवळ. अजून थोडं जवळ..."

पिहूनं मोबाइलचा कोपराच तोंडात घातला.

तिकडून आवाज आला, "हॅलो, तुमच्याकडे लाइट गेली का?"

शेवटी तो म्हणाला, "प्रत्यक्षच दाखवून घ्या. जवळ कुणी डॉक्टर आहेत का?" मी वैशालीकडे बघितलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी समोरचे भांडीवाले किशोरशेठ म्हणाले, "तू भोळा आहेस. वशिला लागतो! हे डॉक्टर माझ्या मेव्हण्याच्या वर्गात होते." आणि छाती काढून जिना चढायला लागले. मावशींनी मेथीची जुडी आडवी धरली.

"डॉक्टर आमच्या मेव्हण्याचे वर्गमित्र आहेत!"

"मग मेव्हण्याची चप्पल आणा!"

किशोरशेठ परत भांडी पुसायला गेले. मीही आपली चप्पल ठेवून आलो. बरीच मागे होती.

*

तेवढ्यात वैशाली रिक्षातून उतरली. पिहूची मान तिच्या खांद्यावरून लोंबत होती. ओठ सुकलेले. रडत होती, पण आवाज नाही आणि डोळ्यांत पाणी नाही. पायातली उरलेली चप्पल कुठे उडाली कुणास ठाऊक, मी पिहूला उचलून अनवाणीच जिन्याकडे पळालो.

मावशींनी पोरीच्या तोंडाकडे एकदाच बघितलं. मेथी खाली ओतली, टोपली घेतली आणि वरच्या पायरीपासून अख्खी रांग हातानं टोपलीत लोटली!

"ओ मावशी, माझा नंबर!" कुणीतरी ओरडलं.

"आता समद्यांचा दुसरा! पहिली ही पोर!"

दिंडोरीचा बाप्या आपलं पोर घेऊन भिंतीला चिकटून उभा राहिला, म्हणाला, "पळा, शेठ."

डॉक्टरांनी तपासलं. कान आतून सुजलेला, त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं. लगेच सलाईन लावलं. तासाभरानं पिहूनं डोळे उघडून आईची नथ... नथ नव्हती, म्हणून नाकच ओढलं. तेव्हा कुठे डॉक्टर खुर्चीत टेकले.

"इतका उशीर करायला नको होता. लांबून येता का?"

वैशाली म्हणाली, "खालूनच."

*

इकडे खाली मावशींनी टोपली आमच्या दुकानात ओतली. लोक आपापली चप्पल शोधतायत, आणि माझ्या जागी किशोरशेठ दुकान सांभाळतायत. त्यांना ढिगात शेवटी एक उरलेली दिसली, दुसरी दाराजवळ सापडली. जोडी लागली, म्हणून दुकानातलीच समजून त्यांनी भांड्यासारखी लख्ख पुसली आणि विकून टाकली!

मी संध्याकाळी खाली आलो. म्हटलं, "किशोरशेठ, माझी चप्पल?"

त्यांचा चेहरा पडला. "तुझी होती? तरीच! गिऱ्हाईक म्हणत होतं, नवी असून अजिबात चावत नाही!"

*

पुढे लस द्यायची होती. या वेळी पिहू बोळातून स्वतःच चालत आली. पीं, पीं, पीं! जिन्यापाशी बसली, एका पायातली लाल चप्पल ओढून काढली आणि मावशींच्या मेथीवर ठेवली. मग एक पाय वाजवत, एक गप्प ठेवत कोथिंबिरीभोवती गोल फिरायला लागली.

मावशींनी चप्पल उचलली, उलटी केली आणि तळावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"लय घासलीय की हो, शेठ," त्या म्हणाल्या. "जावा, रांगेत शेवटची ठेवा!"