आबांवर धरलेला नेम

माझ्या थोरल्या साडूंइतका अभ्यासू, तयारीचा आणि हमखास चुकणारा नेमबाज अख्ख्या मावळात दुसरा झाला नाही. बेडशाच्या आमच्या सासऱ्यांवर, म्हणजे आबांवर, रंगाची एक गोळी बसवायची, एवढीच त्यांची आयुष्यातली इच्छा राहिली होती. बाकी सगळं त्यांना मिळालं होतं: परंदवडीत घर, जवळच्या कारखान्यात लेथवर टर्नरची नोकरी आणि माझ्या मेव्हणीसारखी सोशिक बायको.

त्याचं मूळ असं. लेण्यांच्या डोंगराखाली आबांचा एक मुरमाड माळ आहे. तिथं कुसळाशिवाय काही उगवत नसे, म्हणून पुण्याच्या एका माणसाने तो पेंटबॉलसाठी मागितला तेव्हा आबांनी लगेच दिला. त्याने जुने टायर रचले, बांबूच्या ताट्या उभ्या केल्या, आणि शनिवार-रविवारी शहरातली शहाणीसुरती माणसं तोंडावर मास्क चढवून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडू लागली. आबांची अट एकच होती: दिवाळीतल्या पाडव्याच्या दुपारी माळ घरच्यांचा. पहिल्या पाडव्याला आम्ही दोघे जावई आणि आबा असे तिघे उतरलो. आबांनी धोतराचा काचा मारला, मैदानावरची सगळ्यात खिळखिळी बंदूक उचलली आणि ते दिसेनासे झाले. अर्धा तास आम्ही त्यांना शोधत होतो. शेवटी साडू वाकून एका ताटीआड डोकावत असताना त्यांच्या पाठीमागून फट्ट आवाज आला आणि पँटवर, नको तिथं, निळा गोळा उमटला. टायरांमागून आबा उठले आणि म्हणाले, "रामराम, जावई." अख्खी सासुरवाडी हसली. मी जरा जास्तच हसलो. साडू मात्र हातातल्या बंदुकीकडे बघत होते. "दोष हिच्यात हाय, पाव्हणं," ते मला म्हणाले.

खरं तर त्यात दोष कुणाचाच नव्हता. आबांनी उभा जन्म शेताच्या राखणीत काढलेला. रानडुकराची वाट बघत निपचित पडून राहणाऱ्याला जावयाची वाट बघायला कितीसं जड जाणार? पण टर्नर माणसाला हे पटत नाही. त्याच्या मते बिघाड नेहमी सुट्या भागातच असतो.

मग साडूंनी स्वतःची बंदूक घ्यायची ठरवली. बंदूक म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "मार्कर म्हना," ते सासूबाईंनासुद्धा सांगत. तो निवडायला त्यांनी आठ महिने लावले. बायको एका चहात पसंत केली होती. रोज कारखान्यातून आल्यावर मला लोणावळ्याला फोन. कुठला हलका, कुठल्याचे सुटे भाग मिळतात, कुठला चिखलात पडला तरी चालतो. मी शाळामास्तर, मला खडूतलं कळतं. पण मी हूं हूं करत राहायचो. शेवटी मिळाला तो लोणावळ्याच्याच एका बंद पडलेल्या मैदानावरचा जुना मार्कर, आणि त्यानंतर दर पाडव्याला त्याला नवा दागिना चढत गेला. एका वर्षी लांब नळी आली. पुढच्या वर्षी कळलं की लांबीत काही नाही, नळी गोळीच्या मापाची हवी. मग साडूंनी स्वतःच लेथवर नळ्या कातल्या. नळीत गोळी टाकायची. ती आपोआप घरंगळली तर नळी सैल, फुंकर मारून बाहेर आली तर बरोबर. परंदवडीच्या ओट्यावर ते पहाटे बासरी वाजवायला बसल्यासारखे नळ्या फुंकत बसायचे.

पण मावळातली हवा ती. पावसाळ्यात गोळ्या दमट होऊन फुगल्या आणि एकही नळीत जाईना. साडूंनी त्या कोरड्या राहाव्यात म्हणून इंद्रायणी तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवल्या आणि सांगायला विसरले. मेव्हणीने पाहुण्यांसाठी तांदूळ काढले, धुतले न धुतले आणि शिजत घातले. त्या दिवशी परंदवडीत जो गुलाबी भात झाला तसा कुणाच्या लग्नात झाला नसेल. गोळी उडवणाऱ्या गॅसचा जोर थंडीत कमी होतो हे कळल्यावर त्यांनी मार्करच्या गॅसटाकीला लेकाची कानटोपी घातली. "पोराचं कान उघडं आनि नळकांड्याला टोपी," असं सासूबाई म्हणाल्या. नवा ट्रिगर आला, नवी स्प्रिंग आली, गोळ्यांचा डबा आपोआप फिरायला लागला. आणि दर पाडव्याला आबा तीच खिळखिळी बंदूक घेऊन कुठूनतरी उगवत आणि रामराम घालत.

अशा नऊ दिवाळ्या गेल्या. आज वाटतं, त्या नऊ दुपारी आम्ही सगळे किती मजेत होतो, आणि मला तेव्हा ते कळलंसुद्धा नाही.

दहाव्या वर्षी आबांचे गुडघे गेले. त्यांना ना उकिडवं बसता येई, ना पालथं पडता येई. तरी हट्टाने माळावर आले आणि एका ताटीला टेकून उभे राहिले, पुरते उघड्यावर. साडू पंधरा पावलांवर होते. मार्कर तोवर असा झाला होता की तेवढ्या अंतरावरून त्यांनी पेरू पाडला असता. साडूंनी नेम धरला, आणि गोळी आबांच्या डोक्यावरून हातभर वरून गेली.

आबांनी बंदूक खाली ठेवली. "जावई, तुमचा नेम चुकला न्हाई. तुमी चुकवला," ते म्हणाले. "आज तुमी मला म्हातारा केलात." त्या रात्री ते पंगतीला आले नाहीत. साडूंनी ताटातली करंजी तशीच ठेवली. "लय वाईट केलं मी, पाव्हणं," एवढंच ते मला म्हणाले.

मग ते वर्षभर गप्प होते. फोन नाही, नळ्या नाहीत. मला वाटलं, खूळ गेलं. गेल्या पाडव्याला ते आबांची ती खिळखिळी बंदूक पिशवीतून घेऊन आले. मैदानवाल्याकडून मागून नेऊन वर्षभर तिच्यावरच काम केलं होतं. आबांचं बोट थरथरतं म्हणून ट्रिगर हलका केला होता, खुर्चीत बसून खांद्याला टेकेल असा दस्ता बसवला होता, नवी नळी कातली होती. "आबा, गुडघ्यात नवी स्प्रिंग बसवता येत न्हाई मला," साडू म्हणाले, "हिच्यात बसवलीय. आनि आज मी नेम चुकवनार न्हाई, आधीच सांगतो."

आबांनी ताटीपुढे प्लास्टिकची खुर्ची मांडायला लावली, मास्क चढवला आणि बसले. साडू टायरांआडून धावत निघाले. दोन फट्ट आवाज जवळजवळ एकदमच झाले. साडूंच्या छातीवर केशरी रंग पसरला होता.

आबांनी बंदूक मांडीवर ठेवली. "खरं सांगा जावई. मुद्दाम म्होरं आला न्हवं?"

"न्हाई आबा. मी बी सोडलीती. मागं बघा."

आबांनी मान वळवली. ताटीवर, त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर, पिवळा रंग ओघळत होता. तो त्यांनी बोटाने पुसला, बोट निरखलं, आणि मास्क काढून लहान मुलासारखे हसले. "मंग ठीक हाय," ते म्हणाले.

येताना गाडीत बायको म्हणाली, "ताईचा नवरा म्हणजे अगदीच वेडा आहे हो." एरवी मी लगेच मान डोलावतो. त्या दिवशी डोलावली नाही. मीही त्याच घरचा जावई, आणि इतक्या वर्षांत आबांसाठी असलं काही मला सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटत होतं.