कपाटाची कडी

दर गुरुवारी मी जबलपूरच्या जेलमध्ये, बायकांच्या वॉर्डात, शिवणकाम शिकवायला जाते. निवृत्तीनंतर घरी बसून त्याच्या चुका काढण्यापेक्षा हे बरं, असं माझा नवराच म्हणतो.

तिथे बरगीकडची एक बाई आहे. सासरच्या मारामारीत दिराचा जीव गेला, त्या केसमध्ये ती आत आली तेव्हा पोटुशी होती. केस अजून चालूच आहे. तारीख पडते, पुढे जाते. लेक जेलमध्येच जन्मली. पुरुष कैद्यांना भेटायला बाहेर बायकांची रांग लागते. या बायकांकडे मात्र कोणी फिरकत नाही, नवरे तर नाहीच नाही. मला याचा भयंकर राग येतो, आणि तो दर गुरुवारी येतो.

मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच आईजवळ राहू देतात. पोरगी सहाला टेकली. बरगीची मावशी तिला न्यायला तयार झाली, तेव्हा मला वाटलं, सुटली पोर एकदाची. पण आई मशीनवर बसून डोळे पुसत होती.

"आता काहून रडून राहिली?" मी विचारलं. माझी मराठी तिला एव्हाना समजते.

"दीदी, इसको दरवाजा खोलना नहीं आता."

मला आधी हसूच आलं. मग लक्षात आलं. इथे प्रत्येक दार पहारेकरीण उघडते. ही पोरगी कुठल्याही दारासमोर जाते आणि हात खाली सोडून उभी राहते, कोणीतरी उघडेल म्हणून. मावशी दिवसभर शेतावर असणार. पोर घरात एकटी अडकली तर? चुलीमुळे घरानं पेट घेतला तर? आईला त्या काळजीनं झोप लागत नव्हती.

पुढच्या गुरुवारी गोहलपूरच्या दुकानातून मी एक कडी घेतली, फळीवर ठोकून घेतली आणि पिशवीत टाकली. झडती घेणारी पहारेकरीण ती कडी, तिच्या हिंदीत कुंडी, बघतच राहिली.

"मैडम, जेल में कुंडी? अगली बार आरी भी ले आना!"

मी भडकले. म्हटलं, याच्यानं कोण तुमचे गज कापून राहिलं? तिला आणखीनच हसू फुटलं. पण सगळं ऐकून घेतल्यावर ती कडी बाजूला ठेवत म्हणाली, "अंदर आपकी कपड़े वाली अलमारी में लगी तो है."

घ्या! ते कपाट दर आठवड्याला मीच उघडते, मीच लावते, आणि कडी शोधत गोहलपूर पालथं घातलं.

पोरीला कपाटापुढे उभं केलं. तिनं हात वर नेला आणि आधी पहारेकरणीकडे पाहिलं. "खोल ना बेटा," पहारेकरीण म्हणाली. कडी गंजलेली, पुन्हापुन्हा हातातून निसटायची. शेवटी खट्कन सरकली तशा सगळ्या मशीनी थांबल्या आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर पोरीनं कपाटाचा पिच्छा सोडला नाही. उघड, लाव, उघड, लाव. आमचं शिवणकाम पार बोंबललं. आई मात्र हसत होती. तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

न्यायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. आतल्या फाटकाशी आईनं पोरीच्या चांगल्या घातलेल्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या, मग एकदम पाठ फिरवली. मीच पोरीचं बोट धरलं. मोठ्या गेटमधलं छोटं दार शिपायानं आतून उघडलं, आम्ही बाहेर आलो, आणि ते मागे बंद झालं. मावशी ऑटोजवळ उभी होती.

पोरगी पुढे सरकेना. ती वळली आणि दारावर हात फिरवू लागली, आधी खाली, मग टाचा उंच करून वर.

"चल बेटा, मौसी रुकी है," मी म्हटलं.

"मम्मी को भी निकाल लूँ," ती म्हणाली. "आंटी, इसकी कुंडी कहाँ है?"

त्या दाराला बाहेरून कडी नाही, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी वाकले आणि तिच्यासोबत शोधू लागले.