भिंतीत जाणारा बेड

संयोगिता फडतरेच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत स्वतःच्या खोलीत आपण किती झोपलो, हे तिला दिवस मोजून सांगता येईल. नवरा जयराज पलटणीत. वर्षाची रजा दोन महिन्यांची, त्यातले पंधरा-वीस दिवस जत्रेत, पाहुण्यांत आणि कुणाच्या तरी दहाव्याला जायचे. उरले ते तिचे. बाकी वर्षभर ती माजघरात, सासूच्या शेजारी गोधडी टाकून.

खोली नव्हती असं नाही. वडूजच्या अलीकडच्या त्या गावात फडतऱ्यांनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा धान्याच्या कोठीच्या जागी आठ बाय नऊची एक खोली निघाली. ती जयराजला दिली. पण जयराज रजा संपवून गेला की तिसऱ्या दिवशी लोखंडी कॉट भिंतीला उभी व्हायची आणि शाळूची पोती आत यायची. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. नवरा जवळ नाही त्या बाईला खोली कशाला लागते, अशी सरळ समजूत होती. धाकटा दीर विश्वजित बायकोला घेऊन खंडाळ्याला कंपनीत असायचा. त्याची वरची खोली बारा महिने कुलपात, पण तिच्यात कुणी साधं सूपसुद्धा ठेवलं नव्हतं. ती खोली त्या दोघांची होती. संयोगिताची खोली मात्र जयराजची, आणि तीही तो रजेवर असेल तेवढ्यापुरती.

आता जयराज मार्चअखेर कायमचा घरी यायचा होता. संयोगितानं मनाशी ठरवलं होतं, की तो उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी ती खोली खोलीसारखी दिसली पाहिजे. इतकी, की पुन्हा कुणाला तिच्यात पोतं आणायची छातीच होऊ नये.

बाई गावची अंगणवाडी चालवायची. पत्र्याच्या एका खोलीत अठ्ठावीस पोरं, त्यांचे डबे, वजनकाटा, खाऊची पोती, तक्ते आणि गॅसची शेगडी असं सगळं बसवून वर पोरांना गोल फिरायला जागा काढणारी ती. तिच्यासाठी आठ बाय नऊ म्हणजे काही अडचण नव्हती. दिवाळीत ती माहेरी सांगलीला गेली, तेव्हा भावाच्या, गुंडादादाच्या, काड्यापेटीएवढ्या फ्लॅटमध्ये तिनं भिंतीत जाणारा बेड पाहिला. सकाळी उचलला की भिंतीला कपाटासारखा चिकटायचा, रात्री ओढला की खाली. पोरं दिवसभर त्या मोकळ्या फरशीवर खेळत होती. संयोगितानं तो चार वेळा खाली-वर करून बघितला, टेपनं मापं घेतली, बिजागरीचे फोटो काढले. वहिनी हसायला लागली, "पोरगी बघायला आल्यागत काय बघतीस गं त्येला?"

वडूजला नाथाजीचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करण्यात त्याचा जन्म गेला. फोटो बघून तो म्हणाला, "वहिनी, ह्यात काय न्हाई. ट्रॉलीचा मागचा फाळका कसा खाली पडतोय? तसंच ह्ये. फकस्त पायावर पडाय नगं." दोन महिने त्यानं ते काम मनापासून केलं. चौकोनी पाइपची चौकट, वर प्लाय, बाजूला वजन तोलून धरणारे दोन पंप, आणि पाय असे की बेड खाली आला की आपोआप उघडायचे. एका हातानं उचलता येत होता.

बाकीचं संयोगितानं जमवलं. दाराच्या वर माळ्यासारखी लांब फळी, तिच्यावर गाद्या-गोधड्यांसाठी पडदा. आरसा वेगळा न टांगता कपाटाच्या दाराला आतून. खिडकीखाली घडीचं टेबल, वर उचललं की टेबल, सोडलं की भिंत. दारामागं खुंट्या. भिंतींना फिकट पिवळा रंग, कारण गडद रंगानं खोली लहान दिसते असं तिला गुंडादादाच्या बायकोनं सांगितलं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळं झालं, आणि त्या आठ बाय नऊच्या खोलीत फुगडी घालता येईल एवढी फरशी मोकळी राहिली. संयोगिता दारात उभी राहून कितीतरी वेळ नुसती बघत होती. इतका आनंद तिला घर बांधलं तेव्हाही झाला नव्हता.

आळी बघायला लोटली. म्हातारे बेड खाली घ्यायला लावायचे आणि वर जाताना "आरं तिच्या!" म्हणायचे. नाथाजी तर आपली गिऱ्हाइकं मोटारसायकलवर बसवून आणायला लागला. चहा करून करून संयोगिताचा जीव मेटाकुटीला आला, पण तक्रार नव्हती. सासू चंद्राबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्या उंबऱ्याशी उभ्या राहून खोली डोळ्यांनी मोजत होत्या, आणि ते संयोगिताच्या ध्यानात आलं नाही, ही तिची चूक.

चौथ्या दिवशी शाळूची मळणी झाली. दुपारी अंगणवाडी बंद करून ती घरी आली, तर खोलीत दोन पोती. बरोब्बर बेड जिथं खाली येतो तिथं, कडुनिंबाचा पाला वर टाकून, शहाण्यासारखी उभी.

"आत्ती, पोती हितं कशी?" तिनं सासूला विचारलं.

"आगं, जागा मोकळीच हाय की. किती छान झाली खोली! पयली कॉट नुसती आडवी यायची."

"पर बेड खाली कसा येनार?"

"राती काढायची. दोनच तर हायत."

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. दोनाची चार झाली, चाराची नऊ. पोत्यांवर हरभऱ्याच्या डाळीचा डबा आला, डब्यावर पापडांची पाटी आली. संयोगिता कपाळाला हात लावून बसली. सगळा खटाटोप जागा वाचवायला केला होता, आणि वाचलेली जागा बघून घर आत शिरलं होतं. लोखंडी कॉट परवडली, ती निदान अडून तरी बसायची. सांगलीच्या फ्लॅटात तो बेड चालत होता, कारण तिथं शाळू नव्हता आणि आत्ती नव्हत्या.

तिनं गोडीनं सांगून पाहिलं, रुसून पाहिलं. पोती बाहेरच्या सोप्यात ठेवू म्हणाली. "सोप्यात उंदीर लागत्यात," चंद्राबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. वर विश्वजितच्या खोलीत नेऊ म्हणाली. "त्येंची खोली हाय ती. धाकटी सून आली तर काय म्हनंल?" यावर मात्र संयोगिताचा तोल गेला.

"आन ही कुनाची हाय आत्ती? मी काय आले न्हाई का अजून? एकोणीस वर्सं झाली!"

चंद्राबाईंनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पाच बाळंतपनं झाली माझी ह्या घरात. दोन तर चुलीम्होरं, पडदा लावून. मला कवा कुनी खोली दिली? मी मागितली बी न्हाई. मेले का मी?"

सासरे ज्ञानूतात्या सोप्यात बसल्याजागी खोकले. म्हातारीचं सगळं खरं होतं, आणि म्हणूनच संयोगिताला जास्त संताप आला. आपलेच दात, आपलेच ओठ. गावात बोभाटा करावा तर "एवढ्या पोत्यांवरनं?" असं म्हणून लोक हसणार. खोलीला कुलूप लावावं तर सून घर फोडायला निघाली म्हणणार.

तिनं जयराजला फोन केला. तो म्हणाला, "आईशी भांडू नको. मी आलो की बघतो." या 'बघतो'वर पलटणीतल्यांच्या बायकांचे अख्खे संसार निघतात.

मार्च संपला आणि जयराज आला. गावानं हार घातले, हलगी वाजवली, शाळेत सत्कार झाला. संध्याकाळी त्यानं खोली पाहिली, बेड पाहिला, पोती पाहिली, आणि तक्रारीचा एक शब्द न काढता नऊच्या नऊ पोती खांद्यावर घेऊन सोप्यात नेऊन ठेवली. संयोगिताला वाटलं, सुटलो एकदाचे. सकाळी उजाडल्याबरोबर याच पठ्ठ्यानं बेड वर केला, चादरीची घडी घातली आणि नऊच्या नऊ पोती परत आत आणून रांगेत लावली. वर आईला म्हणाला, "पीटी झाली बघ!"

असं सात दिवस चाललं. संध्याकाळी पोती बाहेर, सकाळी पोती आत. चंद्राबाईंना कौतुक वाटायचं, ज्ञानूतात्या पोत्यांना वाट करून द्यायला पाय उचलून बसायचे. संयोगिता एकदा म्हणाली, "आवं, तुमी नुसती बाहेर न्हेऊन ठेवा की. परत कशाला आनताय?" तो म्हणाला, "आईचं मन कशाला मोडायचं? मला काय जड हाय?"

आठव्या दिवशी ती जड झाली. सहावं पोतं उचलताना जयराजची कंबर धरली. संयोगितानं बाम चोळून दिला, तव्यावर फडकं गरम करून शेकलं. पालथा पडल्या पडल्या तो अगदी समजूतदारपणानं म्हणाला, "मी काय म्हनतो, मी झोपतो सोप्यात, तात्यांजवळ. मला सवय हाय कुठंबी झोपायची. तू झोप आईजवळ, आधीसारखी. मी काय आता कुठं जानार हाय? खोली सणासुदीला उघडू."

संयोगिताच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिला ओरडावंसं वाटलं, पण तो वाईट बोलला नव्हता. एकोणीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती, तो माणूस आला होता, आणि त्यानं पहिल्याच पंधरवड्यात तिला परत माजघरात पाठवलं होतं. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, की खोली तिला नवऱ्यासाठी नको होती. तिला ती हवी होती. नुसती स्वतःसाठी.

दुसऱ्या दिवशी तिनं अंगणवाडी मदतनीस मंगलवर सोपवली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चंद्राबाई रानात कांदा काढायला गेल्या होत्या, जयराज वडूजला डॉक्टरकडं. तिनं एकेक पोतं कानाला धरून ओढत सोप्यात नेलं. तात्यांनी पाय वर घेतले. मग तिनं नाथाजीला फोन लावला आणि वेल्डिंगचं मशीन घेऊन बोलावलं.

"पंप गेला काय वहिनी?" नाथाजी येतायेताच घाबरला होता.

"पंप चांगला हाय. बेड खाली घ्या आन बिजागरी जाम करून टाका. परत वर जायला नगं."

नाथाजीचा चेहरा पडला. "आवं, काय बोलताय! ह्यो बेड बघून मला तीन ऑर्डरी मिळाल्यात. अशी खोली सगळी भरून जाईल. दार अर्धंच उघडंल, कपाटाचं बी तसंच. जागा वाचवायला केलाय न्हवं त्यो?"

"मला जागा वाचवायची न्हाई आता नाथाजी. वाचली की जाती."

तो बराच वेळ बिजागरीवर हात फिरवत बसला. पोरीला नांदायला धाडताना बापाचं होतं तसं त्याचं झालं. मग गादी काढून, प्लायवर ओलं पोतं पसरून त्यानं दोन्हीकडं वेल्डिंगचे टाके मारले. खोलीत जळक्या रंगाचा वास भरला. संयोगितानं खिडकी उघडली, पिवळ्या भिंतीवरचा काळा डाग पुसून पाहिला, तो निघाला नाही. खोलीत आता एका माणसानं तिरकं होऊन चालायची तेवढी बोळ उरली होती. घडीचं टेबल उघडेना. फुगडीची फरशी गेली. एवढ्या हौसेनं केलेलं सगळं आपल्याच हातानं मोडलं, म्हणून तिला रडू आलं. ते तिनं येऊ दिलं. मग गादी घातली, धुतलेली चादर घातली, आणि टळटळीत दुपारी, दार उघडेल तेवढं उघडं ठेवून ती बेडवर पाय लांब करून पडली.

जयराज आला. दारातून अंग चोरून आत येत त्यानं बेड उचलून पाहिला, तो हलेना. "ह्ये काय केलंस?"

"तुमाला सोप्यात झोपायचं तर झोपा. मी हितंच झोपनार हाय. रोज."

तो काही बोलायच्या आत चंद्राबाई रानातून आल्या. सोप्यातली पोती बघून त्या तडक दारात येऊन उभ्या राहिल्या. सून दुपारची पलंगावर पडलेली त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"बरं न्हाई व्हय गं?"

"बरी हाय आत्ती."

"मग दिवसा अशी पडलीस?"

"माझी खोली हाय. पडले."

चंद्राबाईंनी बेडकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, भिंतीवरचा काळा डाग पाहिला. मग गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, त्या खाली वाकल्या आणि बेडच्या खाली डोकावल्या.

"खाली लय मोकळं हाय की गं," त्या म्हणाल्या. "आडवी टाकली तर नऊबी बसतील."

संयोगितानं डोळे मिटून घेतले. नाथाजीला पाय बुटके करायला सांगायचं तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिला हसावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

"खाली ठेवा आत्ती," ती शेवटी म्हणाली. "खाली तुमचं. वर माझं. पर मला उठवू नका."

चंद्राबाई गुडघा धरून उठल्या. मग त्यांनी लेकाला सांगितलं, "आन रं एकेक. हळू, कंबर संबाळ."

पोतं आत सरकलं की फळीला खालून घासायचं आणि वर संयोगिताच्या पाठीला कळायचं. एक गेलं, दोन गेली. पाचवं अडकलं. जयराज गुडघ्यांवर बसून ढकलत होता, त्याला कोन साधेना. त्यानं मान वर करून विचारलं, "जरा उठतीस का? दोनच मिनिटं."

ती उठली नाही.