अठरा इंचांच्या गाद्या

नैसर्गिक फर्निचर करायचं माझ्या डोक्यात आलं त्या दिवशी मला कुणीतरी खोलीत कोंडून ठेवायला हवं होतं. जव्हारच्या आमच्या शेडमध्ये बांबूच्या खुर्च्या होतात आणि त्यांच्या गाद्यांत सावरीचा कापूस भरतो. उन्हाळ्यात काटेसावरीची बोंडं फुटली की तो रानातून गोळा करायचा. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात तो नाकात जातो, चहात जातो, आणि गादीत भरला की एका कोपऱ्यात जाऊन बसतो.

दाभोशाच्या धबधब्याकडे पाहुण्यांसाठी खोल्या बांधणाऱ्या एका मालकानं आठ खुर्च्या सांगितल्या होत्या. अट एकच, आत फोमचा तुकडासुद्धा नको. शनिवारी येऊन तो वाटेल ती गादी उसवून बघणार होता. पसंत पडलं तर सगळ्या खोल्यांचं काम आमचं, नाहीतर शेडला कुलूप.

त्यात दोन गाद्या तासाभरात पापडासारख्या चपट्या झाल्या. माझं डोकं फिरलं. "असल्या गादीवर बसलेला पाहुणा पुन्हा तोंड दाखवणार नाही," असं मी साऱ्या शेडला ऐकू जाईल एवढ्यानं बोलले. गाद्या शिवणाऱ्या पोशेऱ्याच्या मावशींनी त्या दाबून पाहिल्या. जाताना दोन्ही गाद्या घेऊन गेल्या, घरी नीट करते म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी जीपवाल्याच्या हाती गाद्या आल्या. बसून पाहिलं. सावरीवर माणूस हळूहळू खाली जातो आणि तिथंच राहतो. मी टुणकन वर आले. शिवण उसवली तर आत पिवळा फोम, अगदी माझ्या मापानं कापलेला, अठरा इंच बाय अठरा.

तळपायाची आग मस्तकात गेली. फोम नको, फोम नको म्हणून महिनाभर घसा कोरडा केला होता तो कुणासाठी? गाद्या काखोटीला मारल्या आणि पोशेऱ्याला जायला मोखाड्याची जीप धरली. ती भरल्याशिवाय हलेना, त्यामुळे काय काय सुनवायचं ते पाठ करायला भरपूर वेळ मिळाला.

मावशींच्या कुडावर फुलाफुलांची मोठी खोळ वाळत होती, रिकामी. ओट्यावर त्यांचा नवरा गोणपाटावर कुशीला पडला होता. काकांची पाठ धरली म्हणून भिवंडीला कामाला असलेल्या मुलानं जीपच्या टपावर बांधून फोमची गादी आणली होती. मावशींनी मला ते दहादा सांगितलं होतं.

"मऊ झाली ना, ताई?" मावशींनी विचारलं.

"मावशी, मी सावर भरायला दिली होती."

"सावर तं रानातली. ती आमच्या उशाला. पावना येल त्याला रानातली द्याची?"

"त्याला तीच हवी आहे."

"कशाला?"

त्या प्रश्नाचाही मला रागच आला.

मग दोघींनी फोम काढून दुप्पट सावर ठासून भरली. ती कमी पडली तेव्हा मावशींनी स्वतःची उशी उसवली. मी बघत होते. नको म्हणाले नाही.

शनिवारी मालक बसला, खाली गेला, तिथंच राहिला. गादी उसवून त्यानं चिमूटभर सावर हुंगलीसुद्धा. काम आम्हाला मिळालं.

परवा पोशेऱ्याला गेले. मावशींनी फोमचे तुकडे टाके घालून पुन्हा खोळीत भरले होते. काका त्यावर पडले होते.

"जोड बराबर पाठीत येतो," ते म्हणाले.

"वरून सावरीचा एक थर घालू," मी म्हटलं.

मावशी माझ्यासाठी पाणी घेऊन येत होत्या. "आता कुठली सावर, ताई?" त्या म्हणाल्या. "यंदाची सगळी तुझ्या खुर्च्यांत गेली."