हितसंबंधांचा फॉर्म

आमच्या परदेशी संस्थेला गव्हर्नन्सची भारी हौस. संस्था केवढी, तर माण तालुक्यात मुलींचं एक वसतिगृह, साताऱ्यात एका खोलीचं ऑफिस आणि त्या खोलीत मी. पण पॉलिसीची फाईल एवढी जाड की उशाला घेतली तर मान अवघडेल. मी मूळची आष्ट्याची, तोंडानं फटकळ. तरी पगार घेत होते म्हणून त्या फायलीचं मुकाट मराठी करत बसायचे.

वसतिगृहात मेंढपाळांच्या मुली. पावसाळा सरला की आईबाप मेंढरं घेऊन वाटेला लागायचे आणि मुली मागं ठेवायचे, त्या एका स्वयंपाकीणबाईच्या भरवशावर. बाई तिथंच राहायच्या, मुलींच्या उवा काढायच्या, कुणाला ताप आला की उशाशी बसायच्या. त्या गेल्या तर मुली मेंढरांमागं जाणार आणि शाळा सुटणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. परदेशात ते कळायला पॉलिसी नव्हती.

मग हितसंबंधांचा फॉर्म आला. संस्थेत आपलं कुणी नातेवाईक काम करतं का, ते स्थानिक समितीतल्या प्रत्येकानं लिहून द्यायचं. अहो, अख्खं गाव एका भावकीचं. तिथं नात्यात नसलेला फक्त एसटीचा कंडक्टर. बाकीच्या सभासदांनी बिनदिक्कत 'कोणी नाही' लिहून सह्या ठोकल्या. त्यातल्या एकाचा सख्खा भाचा आमच्याकडं दूध घालत होता. समितीचे अध्यक्ष निवृत्त सुभेदार. पलटणीत विचारलं ते खरं सांगायची सवय लागलेली. त्यांनी दोन पुरवण्या जोडल्या आणि पहिल्याच ओळीत लिहिलं: स्वयंपाकीण, माझी चुलत बहीण.

झालं. व्हिडिओ कॉलवर परदेशातले विश्वस्त बसले. मुख्य विश्वस्त, त्यांची बायको आणि त्यांचा धाकटा भाऊ, तिघं एकाच सोफ्यावर. स्वयंपाकीण ताबडतोब बदला म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही तिघंही एका घरातलेच की." तर मुख्य विश्वस्त हसले. आम्ही संस्थापक, आमचं वेगळं, असं त्यांनी समजावलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी तोंडानं म्हणाले काय, तर 'हो सर'. त्या 'हो सर'ची मला अजून लाज वाटते.

बाईंना काढलं. सांगलीहून आणलेली नवी बाई चार दिवसांत पळाली. दिवाळीनंतर सहा मुली आईबापांबरोबर गेल्या. बाकीचे पालक दप्तरं उचलायला कधी येतील त्याचा नेम नव्हता. सुभेदार ऑफिसात आले, टोपी मांडीवर ठेवून बसले.

"बाई, म्या खरं लिवलं त्ये चुकलं का?"

मी कपाटातून कोरा फॉर्म काढला. "कोणी नाही, एवढंच लिहा."

"आवं, पर बहीण हाय की ती."

"मुली परत यायला हव्यात ना?"

टोपी बाजूला ठेवून त्यांनी लिहिलं. गावाकडं सगळ्याच बायकांना बहीण, चुलत बहीण म्हणायची पद्धत आहे, त्यातून गैरसमज झाला, असं पत्र मी वर जोडलं. विश्वस्तांना ती पद्धत फार गोड वाटली. खुलासा मान्य झाला, पारदर्शकतेबद्दल समितीचं कौतुकही आलं. खोटं लिहिलं तेव्हा आम्ही पारदर्शक ठरलो.

बाई परत आल्या. मुली चारच आल्या, दोघी आल्या नाहीत. थोड्या दिवसांनी विश्वस्त पाहणीला येणार म्हणून कळलं. उगाच पुन्हा शंका नको म्हणून त्यांच्यासमोर सुभेदारांना दादा म्हणू नका, असं मीच बाईंना बजावलं. पाहणीच्या दिवशी पंगतीत भाकरी वाढत त्या सुभेदारांपुढं आल्या आणि "घ्या सायेब" म्हणाल्या. सुभेदारांनी मान वर केली नाही.

पाहुणे जाऊन वर्ष होत आलं, तरी बाई सुभेदारांना साहेबच म्हणतात. परवा मी म्हटलं, "अहो, आता म्हणा की दादा. कोण ऐकतंय?"

"नगं," त्या म्हणाल्या. "तोंडाला हीच सवय ऱ्हाऊ द्या. कवा चुकून दादा म्हणून गेले, तर पोरींची शाळा जायाची."