एकतीस वावांची दोरी

चरावरच्या होडीवालीला सगळं गाव धाकटी म्हणतं. वय अठ्ठावन्न, केस पांढरे, उठता-बसता गुडघे कुरकुरतात, तरी धाकटीच. कारण पलीकडच्या काठावर तिची मोठी जाऊ राहते आणि ती थोरली. सासऱ्यांनी लग्नानंतर एकदा या हाका मारल्या त्या मारल्या, पुढे बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पोस्टमनसुद्धा पत्रावरचं नाव न वाचताच विचारतो, हे धाकटीचं की थोरलीचं.

आता हा चर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आत खाडी, बाहेर समुद्र आणि मधे जमिनीची लांबलचक पट्टी. बोटींना समुद्रात जायचं तर पट्टीला वळसा घालावा लागे, त्यात दीड तास जाई. म्हणून या दोघींचे सासरे चाळीस माणसं आणि चाळीस फावडी घेऊन उठले आणि त्यांनी पट्टी मधोमध कापली. दोन वाव रुंद, बस्स. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे दोन माणसं हात पसरून उभी राहिली की चर संपला. पोरं उडी मारून पलीकडे जायची. पण पाण्याला कुठे कळतं, की बाबा, तुला दोनच वाव दिलेत? धाकटीचा काठ खडकाचा, तो जागचा हलला नाही. थोरलीचा काठ नुसती वाळू. दर भरतीला चर थोरलीकडे सरकत गेला.

उडी पुरेना तेव्हा सासऱ्यांनी होडी आणली. पाच वाव लांबीची दोरी दोन्ही काठांच्या खुंट्यांना बांधली आणि धाकटीला होडीत उभं केलं. वल्हं नाही, शीड नाही. दोरी हातात धरायची आणि ओढत ओढत पलीकडे जायचं. बोट आली की दोरी ढिली सोडायची, ती तळाशी जाऊन बसते, बोट वरून निघून जाते. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. दरवर्षी सगळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी धाकटी पलीकडची खुंटी मागे नेऊन ठोकते आणि दोरीला कमी पडेल तेवढा तुकडा जोडते. बोटवाल्यांकडे जे उरलं असेल ते. एक वर्ष निळा, एक वर्ष पिवळा, एका वर्षी काहीच मिळालं नाही तर घरची कपडे वाळत घालायची पांढरी दोरी. मधला तुकडा कुजला तर तेवढ्याच लांबीचा नवा घालायचा, बोटभरही इकडेतिकडे नाही, ही सासऱ्यांची शिस्त. दोरी एकतीस वाव झाली, तरी बाईनं ती शिस्त मोडली नाही.

थोरली मात्र एकोणीस वर्षांत होडीत चढली नाही. तेव्हा थोरलीचं शिलाई मशीन दुरुस्तीला न्यायचं होतं. दोघींनी मिळून ते होडीत चढवलं आणि भर चरात ते गेलं पाण्यात. कुणाचा हात आधी सुटला? इथं दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, आजतागायत तोंड उघडत नाहीत. शहाणे आहेत. त्या दिवशी थोरलीनं पाण्याची जी धास्ती घेतली ती घेतली. घरच्या लग्नाला यायचं तर ती खाडीला वळसा घालून दोन तास बसनं येते, उलट्या करत. पण अबोला म्हणाल तर तो एक दिवसही नाही. दोघी आपापल्या काठावर उभ्या राहून रोज गप्पा मारतात, अर्थात ओरडून. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत आणि कोणाच्या नवऱ्याचं पोट बिघडलंय, हे सगळ्या गावाला फुकटात कळतं.

तर अशात सरकारच्या मनात आलं की हा चर बुजवावा. मोजणीला एक इंजिनिअरबाई आली. पोर हुशार, पण घाईची. चार दिवस काठावर फिरली आणि पाचव्या दिवशी होडीत बसल्या बसल्या धाकटीला म्हणाली की फाइल बंद होणार. सात वर्षांपूर्वीची मोजणी आणि आताची मोजणी ताडून पाहिली, तर चर रुंद होण्याऐवजी थोडा अरुंदच झालाय. मग दगडांवर खर्च कशाला करायचा?

खोटं का बोला, धाकटीला आधी आनंदच झाला. दोन महिने तिला एकच घोर होता. चर बुजला की होडी गेली, होडी गेली की आपण कोण? नुसती म्हातारी. त्या दिवशी तिनं दोरी अशी ओढली की इंजिनिअरबाईची टोपी उडाली.

दोन दिवस हा आनंद टिकला. तिसऱ्या दिवशी सकाळी थोरली काठावर आली. तिच्या मागच्या दाराशी एके काळी आठ झाडं होती, आता दोन राहिली होती आणि त्यातलं एक चराकडे कललं होतं. दारापासून काठ चार पावलांवर आला होता. थोरली ओरडून, अगदी मजेत सांगत होती,

"अगं, चूल पुढच्या खोलीत आणली. मागच्या भिंतीला तडा गेलाय ना. पण हवा काय झकास येते."

पुढची खोली म्हणजे थोरलीची बैठकीची खोली. तिथं पायपुसण्यावर पाय पुसल्याशिवाय ती सख्ख्या दिरालाही घेत नसे. तिथं आता चूल आली होती, आणि ही बया झकास हवा आहे म्हणून सांगत होती.

धाकटीनं उतारूंना सांगितलं, आज होडी बंद. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही खुंट्यांवरची दोरी सोडली, भिजलेली भेंडोळी नवऱ्याच्या सायकलीवर लादली आणि गेली थेट मोजणीच्या कचेरीत. नवरा सायकल धरून मागे मागे. कचेरीचा व्हरांडा दोरीला पुरेना, तीन फेऱ्या घालून ती आडवी पसरली. एकेका जोडावर बोट ठेवत धाकटीनं वर्षं सांगितली. हा निळा पहिला. हा पांढरा नवऱ्याचा पाय मोडला त्या वर्षीचा. हा पिवळा थोरलीच्या मुलीच्या लग्नाचा.

इंजिनिअरबाई गुडघ्यावर बसून टेपनं मोजत गेली आणि मधेच थांबली. हे मोजमाप वर्षातल्या कोणत्या वेळचं, तिनं विचारलं. धाकटी म्हणाली, नेहमी एकाच वेळचं, मोठ्या भरतीचं. ओहोटीला मोजून कोण दोरी बांधेल? संध्याकाळी ताणून तुटेल ना. पोर आत जाऊन दोन्ही मोजण्यांचे कागद घेऊन आली. सात वर्षांपूर्वी मोजलं होतं भरतीला आणि आता मोजलं ओहोटीला. पाणी उतरलं होतं तेव्हा चर अरुंदच दिसणार. आता मोजणारी ती स्वतःच होती, त्यामुळे तिचे कान लाल झाले. पण तिनं सारवासारव केली नाही, चूक कबूल केली. तिथं ती धाकटीला आवडून गेली.

महिन्याभरानं शाळेत सभा भरली. चर बुजवायचं ठरलं आणि त्यानं कुणाचं काय जाईल याची यादी इंजिनिअरबाईनं वाचली. बोटवाल्यांना पुन्हा दीड तासाचा वळसा. बर्फ कारखान्याला मासळी उशिरा. बोटवाले कुरकुरले, त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? यादी संपली आणि धाकटी उठली. तिच्या नाकावर राग कायमचाच.

"बंद करा. मीच दोरी आणून दिली. पण होडी जाणार आहे ना? मग ते लिहा. फुकट बंद होतोय असं लिहू नका."

पोरीनं सांगितलं की होडी सरकारी नव्हती, म्हणून ती कागदावर नाही. धाकटी म्हणाली, चरही सरकारी नव्हता. यावर सगळी सभा हसली आणि सगळ्यात मोठ्यानं बोटवाले हसले. इंजिनिअरबाईनं तिथल्या तिथं लिहिलं आणि वाचून दाखवलं: होडी एक, होडीवाली एक, सव्वीस वर्षं. धाकटी खाली बसली आणि पदरानं डोळे पुसत बसली. आपलं जे जाणार ते चारचौघांत वाचलं गेलं, एवढंच तिला हवं होतं.

आठ महिने दगड पडत होते. चर बुजला, वर चालण्यापुरता बांध झाला. शिलाई मशीन काही सापडलं नाही, हे एक बरंच झालं.

पण थोरली येईना. चार जणींनी समजावलं, तरी पाय उचलेना. बांधाला कठडा नव्हता आणि एका बाजूला समुद्र आपटत होता. तिकडून ओरडून म्हणाली, मला बसच बरी. धाकटीनं कपाळाला हात लावला. मग नवऱ्याकडून बांधावर खुंट्या ठोकून घेतल्या आणि या काठापासून त्या काठापर्यंत दोरी बांधली, जुनं टोक थोरलीकडे. एकतीस वाव बरोबर पुरली.

थोरली दोरी धरून निघाली. एक हात पुढे, मग दुसरा, नजर पायाशी. प्रत्येक जोड हाताला लागला की धाकटी इकडून वर्ष सांगायची. निळ्याला थोरली थरथरत होती. पांढऱ्याशी तिनं दिराच्या पायाची चौकशी केली. पिवळ्याशी आली तेव्हा हसत होती आणि शेवटच्या वावात तर धावलीच. धाकटीनं तिला पकडलं. दोघी एकोणीस वर्षांनी, लग्नकार्याशिवाय, अशाच उगाच, एकमेकींच्या समोर उभ्या होत्या.

मग दोघी धाकटीच्या ओट्यावर मांडीला मांडी लावून बसल्या. नवऱ्यानं चहा आणला आणि हळू बोला म्हणाला, मी इथंच आहे. पण हळू कसं बोलायचं ते दोघींनाही जमेना.

"हात तुझाच सुटला होता," थोरली धाकटीच्या कानाशी ओरडली.

"तुझा," धाकटी ओरडली आणि तिचा हात घट्ट धरून बसली.