दानीचा वाटा

अक्काच्या चष्म्याची काडी मोडली होती. ती दुरुस्त करून घ्यायला त्या दिवशी मी धारवाडहून हुबळीला येताना आधी कोप्पीकर रोडवर उतरलो. दुकानदारानं नवी काडी बसवून चष्मा हातात दिला, मी रुमालानं काचा पुसत होतो, तेवढ्यात फोन वाजला. अक्काची शेजारीण शिवलीला. एरवी ती माझ्याशी मराठी बोलायची धडपड करते, त्या दिवशी सरळ कन्नडमध्येच म्हणाली, "सर, अक्कार होगिबिट्रु री." गेल्या. मी फोन खिशात ठेवला आणि दुकानदाराकडे चष्म्यासाठी डबी मागितली. घालणारं माणूस गेलं तरी काचेला ओरखडा पडायला नको, एवढंच मला त्या क्षणी सुचलं. ती डबी अजून माझ्या टेबलावर आहे. ईस्टरला दोन आठवडे राहिले होते.

सुमनअक्का माझी सख्खी थोरली बहीण. मला साठी उलटून गेली, पण तिच्यापुढे मी शेवटपर्यंत विन्याच होतो. आमचे आजोबा मिरजेकडून हुबळीला आले. घरात मराठी, गल्लीत कन्नड, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मराठी उपासना असं आमचं वाढणं झालं. हुबळीच्या कडेला उणकलला, तळ्याच्या अलीकडे अप्पांनी घर बांधलं तेव्हा ते खेडंच होतं. आता चहूकडे तीनमजली इमारती उठल्यात, पण अक्कानं परसाची एक इंचही जागा कुणाला दिली नाही. तिनं लग्न केलं नाही, कन्नड शाळेत चौतीस वर्षं पहिलीच्या पोरांना शिकवलं आणि दर वर्षी आमच्या घरचा ईस्टर केला. नाताळ काय, कुणीही करतं असं ती म्हणायची. तिचा सगळा जीव ईस्टरवर.

आमच्याकडची रीत आईनं घातलेली. उपवासकाळ लागला की स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर एक कापडी पिशवी लटकायची. चाळीस दिवस कांद्याची सालं त्या पिशवीत. ईस्टरच्या आदल्या दुपारी आई ती सालं उकळून लालभडक पाणी करायची आणि निवायला ठेवायची. मग उकडलेली अंडी घेऊन ती मेणबत्तीच्या तुकड्यानं प्रत्येकावर एकेकाचं नाव लिहायची. पांढऱ्या अंड्यावर पांढरं मेण, काही म्हणजे काही दिसायचं नाही. रात्रभर अंडी त्या पाण्यात राहायची. पहाटे गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं आई ती पुसायची आणि विटकरी टरफलावर पांढरी अक्षरं हळूहळू वर यायची... आई, अप्पा, सुमन, विनय, दानी. कबरस्तानातल्या पहाटेच्या उपासनेला निघण्याआधी ती अंडी परसात लपवायची आणि आल्यावर आम्ही शोधायची. नियम एकच. ज्याच्या नावाचं, त्यानंच खायचं.

दानी आमचा धाकटा भाऊ. दानीएल. पाचव्या वर्षी, पावसाळ्यात, तीन दिवसांच्या तापानं गेला. त्यानंतर आई बोलायची थांबली. अगदी मुकी नव्हे, 'पाणी तापलं', 'दार लावा' एवढं बोलायची. पण जेवण जवळजवळ सुटलंच. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. अप्पांनी डॉक्टर केले, पाळकांना आणलं, मिरजेहून मावशी येऊन राहिली. दिवाळीपर्यंत आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी आठ वर्षांचा होतो, अक्का अकराची. आईही जाणार हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण आम्हाला माहीत होतं.

ईस्टर आला तशी पिशवी मात्र खिळ्यावर लागली. सवयीनंच लावली असणार. शनिवारी आईनं अंडी उकडली, मेणबत्ती फिरवली, कुणी लक्ष दिलं नाही. पहाटे ती अंडी पुसायला बसली आणि पाचव्या अंड्यावर तिचा हात थांबला. आम्ही चौघंच होतो. तरी ती फडकं फिरवत राहिली आणि टरफलातून दानी वर आला. दा आधी, मग नी. अप्पा दारातून बघत होते, त्यांनी तोंड फिरवलं. मी लिहिलं नाही, असं आई म्हणाली. हात चुकला असेल, असं अप्पा म्हणाले. आईनं ते अंडं बाकीच्यांबरोबर टोपलीत घेतलं आणि अंधारातच परसात जाऊन लपवून आली.

आता जे सांगतो ते मी पन्नासहून अधिक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी हावरट पोर होतो. कबरस्तानातून आल्यावर आई चहा टाकत होती, अक्का न्हाणीघरात होती, आणि मला धीर निघेना. परसात धुण्याचा दगड विटांवर टेकवलेला होता, त्याच्या खाली एक पोकळी होती. हात घातला तर अंडं. बाहेर काढलं तर त्यावर दानी. आपण ते ठेवून द्यायला हवं, हे मला कळत होतं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि अंडं हातात कोमट होतं. दोन घासांत खाल्लं. टरफलं दगडामागं माती उकरून पुरली.

मग रीतसर शोधाशोध झाली. चार अंडी सापडली. आई स्वतः दगडाशी गेली, गुडघ्यांवर बसली, खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं. मुंगूस असेल, अप्पा म्हणाले. तेव्हा आई कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पुरं वाक्य बोलली. "मुंगसाला नाव वाचता येतं काय? चार सोडून दानीचंच बरं नेलं." मग उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "येऊन गेला." त्या दुपारी तिनं भात दोनदा मागून घेतला. अप्पा पंक्तीतून उठून बाहेर जाऊन रडले. मी माझ्या ताटात बघत बसलो. आईला खरं सांगितलं असतं तर ती पुन्हा जेवली नसती, एवढं त्या वयातही मला समजलं होतं.

पुढच्या ईस्टरला आईनं दानीचं नाव जाणूनबुजून लिहिलं. आणि तो येऊन जायलाच हवा होता. तेव्हा दर वर्षी, चहा होईपर्यंतच्या त्या दहा मिनिटांत, मी मेलेल्या भावाचा वाटा खात होतो. पहिल्या वर्षी गोड लागला, नंतर घशाखाली उतरेना. पोकळीत हात घालताना अंगावर काटा यायचा. कधीकधी वाटायचं, आपण काढतोय खरं, पण आतून कुणीतरी सोडतंय... बारावीपर्यंत मी तो वाटा खाल्ला. मग बेळगावला नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी ईस्टरला रजा मिळाली नाही. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. आई दगडाशी बसेल, हात घालेल, आणि अंडं तिथंच असेल. चार दिवसांनी अक्काचं पत्र आलं. त्यात एक ओळ होती, दानीचं गेलं, आई बरी आहे.

अक्कानं मला सांभाळून घेतलं, असं मी धरून चाललो. विचारलं नाही. विचारलं तर आधी माझं सांगावं लागलं असतं. बेळगावची नऊ वर्षं अशीच गेली. पुढं मी धारवाडला आलो. ईस्टरला नऊच्या सुमाराला बायकोला, रजनीला, घेऊन उणकलला पोचायचो, तोवर दगडाखाली काही नसायचं. अक्का माझ्याकडे बघून गालात हसायची, मीही हसायचो. आई गेल्यावर मी म्हटलं, आता कशाला? अक्का म्हणाली, पोर यायचं थांबलंय का? वर पुन्हा तेच हसू. तिनं त्या रीतीत आपल्या परीनं भरही घातली. शिवलीलाच्या घरी अंडं चालत नाही, म्हणून त्यांच्या मुलींसाठी धारवाडी पेढ्यांचे अंड्याएवढे गोळे वळून, त्यांवर बेदाण्यांनी नावं लिहून, ते त्यांच्या तुळशीच्या कुंडीत लपवायची. त्या मुली आता सासरी आहेत, पण ईस्टरला अक्काला फोन करायच्या.

ती जायच्या पाच-सहा दिवस आधी मी तिला शेवटचं भेटलो. दुपारची वेळ, पुढच्या खोलीत पलंगावर उशांना टेकून बसली होती. छातीचं दुखणं जुनंच, त्यात आता पाय सुजले होते. चष्मा मोडल्यामुळे माझ्या दिशेनं बघायची, माझ्याकडे नव्हे. रजनी आत चहा करत होती. अक्का हळूच म्हणाली, "यंदा दानीचं अंडं तू ठेव. आणि लहानपणासारखं खाऊ नको."

मी आतल्या दाराकडे बघितलं, रजनी अजून आतच होती. ती म्हणाली, न्हाणीघराच्या खिडकीतून पहिल्याच दिवशी सगळं बघितलं होतं. टरफलं दगडामागं पुरली, हात चड्डीला पुसले, वर बघितलंही नाही. मी आईला सांगायला धावणार होते, पण मग आई जेवली. एवढं बोलून ती धापा टाकायला लागली. मला हसू आलं आणि रडूही आलं. इतकी वर्षं ज्या ओझ्याखाली वाकून चाललो, ते दुसऱ्या टोकाला तिनंही धरलेलं होतं. तिचा हात हातात घेऊन मी म्हटलं, "आणि मी बेळगावला गेल्यावर तू खात होतीस."

"मी?" अक्का म्हणाली. "मी कशाला खाऊ? पहाटेच्या बसनं तूच येऊन जातोस की."

"मी कधी आलो नाही, अक्का."

"धारवाडला आल्यावर तरी? आधी मागच्या अंगानं जाऊन, मग पुढच्या दारानं येत होतास की..."

मी मान हलवली. तिला ती दिसली नसावी, म्हणून तोंडानं नाही म्हटलं. पंखा फिरत होता. मार्चच्या त्या उकाड्यात तिनं पायाशी पडलेली चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. आत रजनी कपात चमचा ढवळत होती, तो आवाज बराच वेळ आला. मग अक्कानं माझं मनगट धरलं. "कोण नेतंय ते बघ," ती म्हणाली, "आणि मला येऊन सांग." रजनी चहा घेऊन आली तेव्हा आम्ही चष्म्याबद्दल बोलत होतो.

तिचं सगळं आवरल्यावर मी स्वयंपाकघराचं दार ओढलं. खिळ्यावर पिशवी होती. अक्काला चालायला येत नव्हतं, तरी अर्धी भरली होती. मला वाटलं, पुरे आता, पिशवी उतरवावी आणि घराला कुलूप लावावं. पण मग सांगायचं काय तिला?

शनिवारी दुपारी रजनी आणि मी उणकलच्या घरी आलो. सालं उकळली, चार अंडी घेतली, रजनीचं, माझं, दानीचं. चौथं हातात घेऊन मी बराच वेळ बसलो आणि मग त्यावर सुमन लिहिलं. पहाटे पुसताना तिचं नाव वर आलं तेव्हा मी फडकं खाली ठेवलं. ही खरंच गेली, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. दानीचं आणि तिचं अशी दोन अंडी मी दगडाखालच्या पोकळीत शेजारी शेजारी ठेवली, मागचं दार आतून लावलं, फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. कबरस्तानात आई-अप्पांच्या शेजारी दानीचं छोटं थडगं आहे, आणि त्याच्या पायाशी अक्काची ओली माती. प्रभू उठला आहे, असं पाळक म्हणाले, सगळे म्हणाले, खरोखर उठला आहे. मी खिशातली किल्ली चाचपली.

परत आलो. कुलूप जसंच्या तसं होतं. रजनी चहा टाकायला गेली आणि मी परसात, दगडाशी, गुडघ्यांवर बसलो. हात घातला. अंडं लागलं. एकच. बाहेर काढलं तर दानीचं.

म्हणजे अक्काच खात होती तर. शेवटच्या भेटीत ती मला फसवून गेली, आणि दानी कधीच आलेला नव्हता... एकदाही नाही. गंमत अशी की हे मला आठव्या वर्षापासून माहीत होतं, तरीही मला भडभडून आलं. मग दुसरं आठवलं आणि मी पुन्हा खांद्यापर्यंत हात घातला. कोपरे चाचपले, विटा चाचपल्या. सुमन लिहिलेलं अंडं नव्हतं. दोन्ही शेजारी होती, आणि मुंगसाला नाव वाचता येत नाही.

आतून रजनीनं हाक मारली, "अहो, गेलं का दानीचं?" लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हे विचारते. 'गेलं' ऐकताना तिचा चेहरा कसा उजळतो ते मला पाठ आहे. मी अंडं दगडावर आपटलं, सोललं आणि खाल्लं. कोरडा बलक टाळ्याला चिकटला. टरफलं पुरायला दगडामागची माती बोटांनी उकरली. ती भुसभुशीत होती. दोन बोटं खाली विटकरी टरफलं लागली, अजून आतून ओली. एका मोठ्या तुकड्यावर पांढरं सु होतं. ही जागा मला ठाऊक होती, आणि अक्काला.

मी माझी टरफलं त्यांच्याच शेजारी ठेवली, माती सारखी केली आणि हात पँटला पुसले. "गेलं," मी म्हटलं, "दोन्ही गेली." चहा घ्यायला आत गेलो. न्हाणीघराच्या खिडकीकडे मात्र मी वर बघितलं नाही.